चार भिंतींचा उपदेश

समलिंगी आणि तृतीयपंथी माणसांचा उघड द्वेष करणारे लोक आम्हांस फारसे कोड्यात टाकीत नाहीत. त्यांची बाजू उघड असते आणि तिचे उत्तरही उघडपणे देता येते. अडचण होते ती आमच्या सज्जन स्नेह्यांची. ते वाचणारे आहेत, विचार करणारे आहेत, कोणाचे वाईट चिंतणारे नाहीत. हा विषय निघाला की ते शांतपणे म्हणतात, "आमचा कोणाशी द्वेष नाही. ज्याने त्याने आपल्या घराच्या चार भिंतींत हवे तसे राहावे. पण त्याचा गाजावाजा कशाला?" आजचा आमचा वाद या सौम्य वाक्याशीच आहे.

हे वाक्य आमच्या वाचकांना अपरिचित नाही. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेनंतर बेळगाव, निपाणी, खानापूरच्या मराठी माणसाने ते पुष्कळदा ऐकले आहे. "घरात मराठी बोला, कोण अडवतो?" गोव्यात तर १६८४ साली पोर्तुगीज व्हाइसरॉयने कोंकणी सोडून तीन वर्षांत पोर्तुगीज बोलू लागण्याचे फर्मान काढले होते. तरीही कोंकणी घराघरांतून तगली. पण म्हणून त्या राजवटीने तिच्यावर उपकार केले, असे आपण म्हणत नाही. घरापुरती मिळालेली मोकळीक कशी असते, हे आपण जाणतो. शाळेत, कचेरीत, दुकानाच्या पाटीवर जिला जागा नाही, त्या भाषेचे मूल हळूहळू आपल्या आईचीच लाज बाळगू लागते. म्हणूनच भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय व्हावी, असे कलम ३५० (अ) १९५६ साली घटनेत घालावे लागले. भाषा आणि लैंगिकता या भिन्न गोष्टी आहेत, हे आम्हांस मान्य आहे. आम्ही ताडून पाहतो आहोत तो युक्तिवाद. आणि तो दोन्हीकडे एकच आहे. जो आपल्या बाबतीत आपण अन्याय्य ठरविला, तो दुसऱ्याच्या बाबतीत उदार कसा ठरेल?

शिवाय स्नेह्यांनी देऊ केलेल्या चार भिंती या आता त्यांच्या देण्यावर अवलंबून नाहीत. भारतीय दंडविधानाच्या ३७७ व्या कलमाची जाचक बाजू दिल्ली उच्च न्यायालयाने २ जुलै २००९ रोजी रद्द केली, सर्वोच्च न्यायालयाने ११ डिसेंबर २०१३ रोजी ती पुन्हा जिवंत केली, आणि अखेर ६ सप्टेंबर २०१८ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने प्रौढांचा परस्परसंमतीचा संबंध हा गुन्हा नव्हे, असा निर्णय दिला. खरा प्रश्न आता उंबरठ्याच्या बाहेरचा आहे. भाड्याची खोली, नोकरी, वसतिगृह, रुग्णालयातील खाट, शाळेतील चेष्टा, हे सारे त्या भिंतींच्या बाहेर घडते.

आणि भिंतींच्या आत तरी काय असते? कित्येकांचा पहिला छळ घरातच सुरू होतो. "लग्न झाले की सारे ठीक होईल" असे म्हणून मुलाला बोहल्यावर चढविले जाते आणि दुसऱ्या घरची एक निरपराध मुलगी त्या मौनाची किंमत जन्मभर मोजते. मुलीच्या बाबतीत तर तिचे मत विचारण्याचीही कोणास गरज वाटत नाही. अशा घरात "चार भिंतींत सुखाने राहा" हा उपदेश कोणास करावयाचा?

स्नेही मग म्हणतात, "हे सारे पाश्चात्त्य थेर आहेत." येथे इतिहास त्यांच्या विरुद्ध आहे. ३७७ वे कलम १८६० साली इंग्रजांनी आणले. हिजड्यांची नोंदवही ठेवण्याचा कायदा त्यांनीच १८७१ साली केला. हैदराबाद संस्थानातही १९१९ साली तसाच कायदा झाला. बायकी वेषात रस्त्यावर दिसल्याबद्दल वॉरंटावाचून अटक करण्याची त्यात सोय होती. तेलंगण उच्च न्यायालयाने तो घटनाबाह्य ठरविला २०२३ साली! उलट बेळगाव जिल्ह्यातील सौंदत्तीला यल्लम्माच्या दारी साडी नेसलेला जोगता पिढ्यानपिढ्या उभा आहे. मंजम्मा जोगती यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. मात्र परडी घेऊन दारी आलेल्याला ओंजळभर जोगवा वाढणारे आपलेच हात, तो भाड्याने खोली मागू लागला की दार लोटून घेतात. यात परंपरेचा मान कोठे आहे?

मराठी विचारविश्वासही हा विषय परका नाही. रघुनाथ धोंडो कर्वे यांच्या 'समाजस्वास्थ्य' मासिकावर १९३४ साली अश्लीलतेचा खटला झाला, तो वाचकांच्या लैंगिक शंकांना दिलेल्या उत्तरांवरून. त्या शंकांत समलिंगी आकर्षणाचाही विषय होता. डॉ. आंबेडकरांनी त्यांचे वकीलपत्र घेतले. खटला हरला, कर्व्यांना दंड झाला. पण हा आपल्या लोकांचा प्रश्न नव्हे, असे म्हणून बाबासाहेब बाजूस झाले नाहीत. पुढे १९८१ साली विजय तेंडुलकरांचे 'मित्राची गोष्ट' रंगभूमीवर आले. त्यात मित्राची कहाणी सांगणारा बापू दुष्ट नाही, तो तिचा मित्र आहे. आणि तरी तिचा नाश टळत नाही. आमच्या स्नेह्यांनी ते नाटक बापूकडे लक्ष ठेवून एकदा वाचावे.

आम्ही आपल्याकडे मिरवणुकीत चालण्याचा आग्रह धरीत नाही. लग्नाच्या पंगतीत कोणी बायल्या म्हणून कोणाची टर उडवू लागला, तर आपण हसू नये आणि का हसत नाही तेही सांगावे. आपली खोली रिकामी असेल, तर भाडेकरूची वर्तणूक पाहावी, त्याची जात वा त्याचे प्रेम पाहू नये. नात्यातील कोणावर विवाहाची सक्ती होत असेल, तर वडीलधारे म्हणून मध्ये पडावे. ज्या शाळेच्या वा वाचनालयाच्या समितीवर आपण बसता, तेथे हा भेदभाव चालणार नाही, असे एकदा लेखी ठरवून घ्यावे. हेच शब्द पीडिताने उच्चारले तर ते गाऱ्हाणे म्हणून सोडून दिले जातात. आपल्या तोंडून आले तर ते ऐकले जातात, कारण आपला त्यात स्वार्थ नाही.

आपला द्वेष नाही, हे आम्हांस ठाऊक आहे. पण ज्याला घरमालकाने काल परत पाठविले, त्याला आपल्या मनातील सद्भाव दिसत नाही. त्याला दिसते ते आपले मौन. ते आपण सोडावे, एवढीच आमची विनंती आहे.