बोलला कोण, फुटलं कोणाचं

कुणाल कामराने एक गाणं म्हटलं आणि मुंबईत खारमधल्या एका सभागृहाच्या खुर्च्या मोडल्या. मार्च २०२५ मधल्या या घटनेवर तेव्हा महिनाभर रण माजलं होतं आणि एखाद्या कलाकाराची जीभ कुठे घसरली की तीच चित्रफीत अजूनही मोबाइलवर नव्याने फिरू लागते. विनोद कुठे संपतो आणि बदनामी कुठे सुरू होते, यावर लोक हिरिरीने भांडतात. त्या खुर्च्यांबद्दल कोणी बोलत नाही. नाट्यगृहांचे गळके पत्रे, बंद पंखे, मोडके मेकअप रूम यांच्याबद्दल या सदरात वर्षानुवर्षं लिहिलं जातं, हे नेहमीच्या वाचकांना ठाऊक आहे. त्यामुळे इथे सुरुवात खुर्च्यांपासूनच.

घडलं ते थोडक्यात असं. ‘दिल तो पागल है’मधल्या एका गाण्याच्या चालीवर कामराने उपमुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांच्यावर, नाव न घेता, विडंबन रचलं. ठाणे, रिक्षा, दाढी, चष्मा एवढ्या खुणा ओळख पटायला पुरेशा होत्या. शिवाय शिंदे यांच्या २०२२ च्या बंडापासून महाराष्ट्रात गाजत असलेला ‘गद्दार’ हा शब्दही त्यात होता. २३ मार्चच्या रात्री शिंदे यांच्या शिवसेनेचे कार्यकर्ते ‘हॅबिटॅट’ स्टुडिओत शिरले आणि त्यांनी तोडफोड केली. दुसऱ्या दिवशी काहींना अटक झाली आणि त्याच दिवशी जामीनही मिळाला. त्याच दिवशी महापालिकेचं पथक हातोडे घेऊन तिथे पोहोचलं आणि अनधिकृत म्हणून काही बांधकाम पाडून गेलं. कामरा तेव्हा तमिळनाडूत होता. आधी मद्रास उच्च न्यायालयाने त्याला अंतरिम संरक्षण दिलं. २५ एप्रिलला मुंबई उच्च न्यायालयाने तपास चालू ठेवायला मुभा देत अटकेला मनाई केली.

आता त्या रात्रीच्या सभागृहात जरा डोकावू. कामराचा कार्यक्रम कधीच रेकॉर्ड होऊन गेला होता. जमाव शिरला तेव्हा मंचावर दुसराच विनोदवीर उभा होता आणि समोर त्याची तिकिटं काढून आलेले प्रेक्षक होते. ज्या शब्दांबद्दल हा राग होता, ते शब्द त्या खोलीतल्या एकानेही उच्चारले नव्हते. तरी कार्यक्रम बंद पडला, लोकांना उठून जावं लागलं, खुर्च्या आणि दिवे फुटले. कलाकार काय बोलतात यात आमचा हात नसतो, असं सांगत हॅबिटॅटने आपले दरवाजे बंद केले. आपल्या विनोदासाठी सभागृहाला शिक्षा देणं म्हणजे बटर चिकन आवडलं नाही म्हणून टोमॅटोचा ट्रक उलटवण्यासारखं आहे, असं कामराने नंतरच्या निवेदनात म्हटलं. कामराचे सगळेच विनोद काही थोर नसतात. हे म्हणणं मात्र शंभर टक्के बरोबर होतं.

अशी छोटी जागा उभी करायला काय लागतं, हे मराठी माणसाला तरी समजावून सांगायची गरज पडू नये. दादरला छबिलदास शाळेच्या सभागृहात १९७४ पासून ‘आविष्कार’ या नाट्यसंस्थेने प्रायोगिक नाटकं सुरू केली. ती शाळेची साधी वास्तू होती आणि तिथे मोठ्या नाट्यगृहाची कुठलीही सोय नव्हती. पण ज्या नाटकाला व्यावसायिक निर्माता तारीख देणार नाही, ते तिथे उभं राहू शकत होतं. अरविंद आणि सुलभा देशपांडे यांनी ती जागा धरून ठेवली आणि मराठी रंगभूमीच्या एका अख्ख्या पिढीने तिथे चुकायला जागा मिळवली. छबिलदासचं सभागृह सुटल्यावर प्रायोगिक रंगभूमी बिऱ्हाड पाठीवर घेऊन फिरली, ते अनेकांनी पाहिलं आहे. नट दुसरीकडे जातो, लेखक घरी बसून लिहितो. पण कमी भाड्यात, नवख्या माणसाला, वाईट प्रयोग करण्याची मुभा देणारी जागा एकदा गेली की सहसा परत येत नाही. खारचा तो स्टुडिओ आजच्या पोरांसाठी तशीच जागा होती. तिथे माइक हातात धरणाऱ्यांत निम्मे पहिल्यांदाच उभे राहिलेले असायचे. त्यांच्यातल्या बहुतेकांना कुठल्याही पक्षाशी देणंघेणं नव्हतं.

हे फक्त आपल्याकडेच होतं असं मात्र कोणी समजू नये. या बाबतीत सगळ्यात बोलकं उदाहरण अमेरिकेतलं आहे आणि ते जरा तपशिलात पाहण्यासारखं आहे.

१० मार्च २००३. इराकवरच्या हल्ल्याला जेमतेम दहा दिवस उरले होते. ‘डिक्सी चिक्स’ हा टेक्ससमधल्या तीन तरुणींचा वाद्यवृंद लंडनमधल्या शेफर्ड्स बुश एम्पायर या सभागृहात गात होता. दोन गाण्यांच्या मध्ये गायिका नॅटली मेन्स म्हणाली की हे युद्ध आम्हाला नको आहे आणि अमेरिकेचा अध्यक्ष आमच्या टेक्ससचा आहे याची आम्हाला लाज वाटते. समोरच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. एका ब्रिटिश वृत्तपत्राच्या परीक्षणात ते वाक्य छापून आलं आणि समुद्र ओलांडून अमेरिकेत पोहोचलं. त्या आठवड्यात कंट्री संगीताच्या यादीत त्यांचंच गाणं पहिलं होतं. व्हिएतनाममध्ये मारल्या गेलेल्या एका कोवळ्या सैनिकाचं आणि त्याची वाट पाहणाऱ्या मुलीचं ते गाणं. पुढच्या आठवड्यात ते गडगडलं.

लोकांनी रेडिओ केंद्रांना फोन केले, गाणी बंद करा म्हणाले. तो त्यांचा हक्क होता. नको असलेलं गाणं न ऐकणं, सीडी विकत न घेणं, तिकीट परत करणं यात काहीच गैर नाही. अध्यक्ष बुश यांनीही एका मुलाखतीत साधारण हेच सांगितलं होतं: त्यांना बोलायचं स्वातंत्र्य आहे, तसं लोकांना त्यांच्या सीडी न घेण्याचंही आहे. वाक्य बिनतोड आहे. पण प्रत्यक्षात गोष्ट तिथे थांबली नव्हती. क्युम्युलस मीडिया या कंपनीने आपल्या ताब्यातल्या सगळ्या कंट्री केंद्रांवरून त्यांची गाणी एका फटक्यात काढून टाकली. लुइझियानातल्या बोझियर सिटीत तर त्यांच्या सीडी आणि कॅसेट रस्त्यावर पसरल्या गेल्या आणि त्यावरून पंधरा टनी ट्रॅक्टर चालवला गेला.

कोलोरॅडो स्प्रिंग्जची गोष्ट मात्र कमी लोकांना माहीत असते. मे २००३ मध्ये तिथल्या एका केंद्रावरच्या दोन निवेदकांना वाटलं, आता पुरे झालं. त्यांनी स्टुडिओत ठाण मांडून डिक्सी चिक्सची गाणी एकामागून एक लावायला सुरुवात केली आणि वरिष्ठांच्या हुकुमाला जुमानलं नाही. दोघेही निलंबित झाले. मेन्सकडे तोवर बक्कळ पैसा होता, कीर्ती होती, वकील होते. या दोघांकडे पगाराची नोकरी होती. लंडनमधल्या एका वाक्याची किंमत कोलोरॅडोत पगारदार माणसांनी मोजली.

दुसरीकडे १ मे रोजी साउथ कॅरोलायनातल्या ग्रीनव्हिलला डिक्सी चिक्सचा अमेरिका दौरा सुरू झाला. मेन्सने मंचावरून सांगितलं, ज्यांना आमची हुर्यो उडवायची आहे त्यांनी खुशाल उडवावी, आम्ही थांबतो. तिने थोडा वेळ दिलाही. सभागृहातून आला तो जल्लोष. आणि त्याच रात्री जवळच्या स्पार्टनबर्गमध्ये त्यांच्या विरोधकांनी स्वतःचा वेगळा संगीताचा कार्यक्रम ठेवला होता. त्याचा पैसा सैनिकांच्या कुटुंबांसाठी होता. ज्यांना राग आला त्यांनी आपल्या गायकांना बोलावलं, आपली तिकिटं विकली. कोणाची काच फुटली नाही. या साऱ्या प्रकरणातला हा सगळ्यात चांगला निषेध, आणि तो फार थोड्यांच्या लक्षात राहिला.

पुढे जुलैमध्ये डॅलसच्या कार्यक्रमाआधी मेन्सला गोळी घालण्याची धमकी आली. पोलिसांच्या पहाऱ्यात ती गायली. त्याच महिन्यात सिनेटच्या वाणिज्य समितीपुढे क्युम्युलसच्या प्रमुखाला बोलावण्यात आलं. प्रश्न विचारत होते जॉन मॅकेन, युद्धाचे खंदे समर्थक, व्हिएतनाममध्ये पाच वर्षांहून अधिक काळ युद्धकैदी राहिलेले. आपल्यालाही मेन्सचं वाक्य अत्यंत लागलं आहे, हे त्यांनी आधी सांगितलं. आणि तरीही मुख्यालयातून हुकूम सोडून एका कलाकाराला सगळ्या केंद्रांवरून गायब करता येतं, हे अभिव्यक्तीच्या हक्कावरचं आक्रमण नाही काय, असं त्यांनी त्या प्रमुखाला धारेवर धरून विचारलं. ज्याला शब्द लागले आहेत त्यानेच उठून हा प्रश्न विचारायला हवा. आपल्याकडे विधिमंडळात असा एखादा आवाज ऐकू येईल, याची वाट बघणारे पुष्कळ आहेत.

कारण आपल्याकडे पक्ष बदलला तरी रीत बदलत नाही. मे २०२२ मध्ये अभिनेत्री केतकी चितळेने शरद पवारांबद्दल दुसऱ्याच कोणाचा तरी मजकूर फेसबुकवर टाकला. मजकूर हीन होता, आजारी माणसाच्या शरीरावर शेरे मारणारा. त्याचं समर्थन कोणी करू नये. पण पोलीस ठाण्याबाहेर तिच्यावर शाई फेकली गेली, राज्यभरात वीसहून अधिक गुन्हे दाखल झाले आणि ती सुमारे चाळीस दिवस कोठडीत राहिली. तेव्हा सत्तेवर महाविकास आघाडी होती. कामराच्या वेळी अभिव्यक्तीस्वातंत्र्याचे दाखले देणाऱ्यांतले काही जण केतकीच्या वेळी गप्प होते आणि केतकीसाठी रान उठवणारे कामराच्या वेळी खुर्च्यांकडे पाठ करून उभे होते. मराठी मनोरंजनसृष्टीचंही तेच. आपल्या बाजूच्या कलाकारासाठी पत्रकं निघतात, दुसऱ्या बाजूच्या कलाकाराच्या वेळी चित्रीकरण चालू असतं.

याहून वेगळं वागता येतं, हे याच महाराष्ट्रात दिसलेलं आहे. १९९६ चा पहिला महाराष्ट्र भूषण पुरस्कार पु. ल. देशपांडे यांना मिळाला. देणारं सरकार युतीचं होतं. त्या निमित्ताने पुलंनी लोकशाहीऐवजी ठोकशाहीची भाषा कानावर येते, याचं दुःख स्पष्ट बोलून दाखवलं. पाहुणचार घेऊन यजमानाला सुनावल्याबद्दल बाळासाहेब ठाकरे खवळले. पुलंना पुरस्कार दिला ही चूकच झाली, असं ते जाहीरपणे बोलले, पुलंच्या नावावर त्यांनी बोचरी कोटीही केली. ठाकरे एकेकाळी ओरिएंट हायस्कूलमध्ये पुलंचे विद्यार्थी होते, त्यामुळे ती कोटी अनेकांना अधिकच लागली. आजारी, वृद्ध लेखकाला तसं बोलणं वाईटच होतं. पण तो वाद शब्दांनी लढला गेला. एकाने बोलायचं ते बोलून घेतलं, दुसऱ्याने त्याहून कडक उत्तर दिलं, आणि वाचणाऱ्यांनी आपलं मत बनवलं. एकनाथ शिंदे यांच्या पक्षाकडे बोलणाऱ्यांची, लिहिणाऱ्यांची कमी नाही. कामराच्या विडंबनाला त्याच चालीवर दुसरं गाणं रचून उत्तर देता आलं असतं. ठाण्यात त्याला गर्दीही झाली असती.

आता मूळ मुद्दा, खुर्च्यांचा. कोडुंगल्लूर फिल्म सोसायटीच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१८ मध्ये निकाल दिला. ‘पद्मावत’ चित्रपटाच्या वेळच्या हिंसाचाराची पार्श्वभूमी त्याला होती. जमाव मालमत्तेची नासधूस करतो तेव्हा अटक झालेल्यांना जामीन देताना नुकसानीची निश्चित केलेली रक्कम आधी भरण्याची अट घालता येईल, असं त्यात म्हटलं आहे. त्याआधी २००९ मध्येही याच न्यायालयाने भरपाईची जबाबदारी तोडफोड करणाऱ्यांवर आणि ती घडवून आणणाऱ्यांवर टाकली होती. म्हणजे सभागृहाच्या मालकाला, लाइटवाल्याला, साउंडवाल्याला आपले पैसे मागण्याचा रस्ता आहे.

नाट्यनिर्माते, नाट्यगृहांचे व्यवस्थापक आणि छोट्या सभागृहांचे मालक यांनी एकत्र येऊन एवढं तरी ठरवावं: पुढच्या वेळी कुठल्याही पक्षाच्या, कुठल्याही बाजूच्या जमावाने एखादी जागा फोडली, तर मंचावर काय बोललं गेलं याची चर्चा करण्याआधी, त्याच सकाळी नुकसानीचा आकडा काढायचा आणि जामिनाच्या सुनावणीत वकील उभा करून तो न्यायालयापुढे ठेवायचा. ज्यांच्याकडे जागा आहेत, त्यांनी या निकालाची प्रत कार्यालयात ठेवावी.