एकशे दहा रुपयांची बचत

"काका, तुम्हा लोकांना लुटून घ्यायची सवयच झाली आहे." पुतण्याचं हे वाक्य २०२५ च्या दिवाळीपासून माझ्या डोक्यात रुतून बसलं आहे. तो पुण्यात असतो आणि मी लिहितो ते वाचतो. तेव्हा उत्तर इथेच देतो, सगळ्यांच्या देखत. म्हणजे त्याला मध्येच फोन ठेवता येणार नाही!

झालं असं की माझ्या जुन्या स्प्लेंडरचा मागचा टायर पार गोटा झाला होता. नियमाप्रमाणे दुचाकीच्या टायरची नक्षी ०.८ मिलिमीटरपेक्षा कमी खोल चालत नाही. माझ्या टायरची तर बोटालाही लागत नव्हती. आमच्या तिठ्यावर टायरचं दुकान आहे. मालक माझाच विद्यार्थी, मराठीच्या पेपराला कायम घाबरणारा. त्याने भाव सांगितला : टायर १,८५०, ट्यूब ३००, बसवण्याचं काही नाही. एकूण २,१५० रुपये.

दिवाळीला आलेल्या पुतण्याने तिथल्या तिथे मोबाईल काढला. तीच कंपनी, तेच २.७५-१८ माप, किंमत १,५९०. "बघा! दोनशे साठ रुपये सरळ खिशात घालतो तो." मग ते लुटण्याचं वाक्य. मी काही बोलायच्या आत ऑर्डर गेलीसुद्धा.

सातव्या दिवशी फोन आला. तुमच्या वाडीत आमची गाडी येत नाही, मालवणात येऊन घेऊन जा. मोटरसायकल दारात उभी, म्हणून एसटीने गेलो. मी पंचाहत्तरी ओलांडली असल्यामुळे २०२२ पासून एसटीत मला तिकीट नाही. परत येताना गळ्यात हार घालावा तसा टायर खांद्यावर. कंडक्टर म्हणाला, "आजोबा, तुम्ही फुकट, पण ह्याचं वय काय?" सगळी गाडी हसली. मीही हसलो.

हसू तिठ्यावर उतरल्यावर गेलं. कारण आता बसवायला जायचं होतं ते त्याच दुकानात. टायर बघून तो एवढंच म्हणाला, "सर, माझ्याकडे होतो मा! भायरसून कित्याक हाडल्यात?" चाळीस वर्षांपूर्वी कॉपी करताना मुलं पकडायचो, तेव्हा त्यांचे चेहरे कसे व्हायचे ते मला त्या दिवशी आतून कळलं.

तरी त्याने टायर बसवून दिला. मी समोरच्या बाकावर बसून पाहिलं. आधी चेन सैल करून चाक काढलं. जुना टायर उतरवून रिमच्या आतून हात फिरवला, कुठे तारेचं टोक ट्यूबला टोचत नाही ना. नव्या ट्यूबमध्ये थोडी हवा भरून मगच ती आत घातली, म्हणजे टामीखाली चिमटत नाही. टायरवरचा बाण चाक फिरण्याच्या दिशेला आहे का पाहिलं. कड सगळीकडून सारखी बसली का पाहिलं. चाक परत चढवताना दोन्ही बाजूंच्या खुणा जुळवल्या, चेनला हवी तेवढीच ढिलाई ठेवली. मालवण-कुडाळ रस्त्यावर पावसात ब्रेक दाबल्यावर मी सरळ उभा राहणार की आडवा होणार, ते ह्या कामावर ठरतं. मोबाईलवरच्या १,५९० मध्ये ह्यातलं काहीही नव्हतं.

काम झाल्यावर त्याने टायरच्या बाजूवरचे चार आकडे दाखवले : ०८२३. म्हणजे २०२३ सालचा आठवा आठवडा, त्या आठवड्यात हा टायर तयार झाला. अडीच वर्षांवर जुना! एवढ्याने टायर टाकाऊ होत नाही, हेही त्यानेच सांगितलं. पण रबर पडून पडूनही वय काढतं, आणि आंबे घेताना आपण देठ बघतो तसे हे आकडे बघायला हवेत. ऑर्डर देताना पडद्यावर चकचकीत फोटो होता, हे आकडे नव्हते. दुकानात टायर हातात घेऊन बघता आले असते.

बसवण्याचे पैसे तो घेत नव्हता. मी बळेच १५० दिले. ट्यूब त्याच्याकडूनच घेतली, ३००. रात्री कालनिर्णयच्या मागच्या बाजूला हिशेब मांडला. १,५९० अधिक ३०० अधिक १५० म्हणजे २,०४०. दुकानातला भाव २,१५०. बचत रुपये एकशे दहा फक्त! त्यासाठी गाडी आठवडाभर दारात उभी आणि माझी अर्धी दुपार एसटीत.

आता पुतण्या म्हणेल, काका, एकशे दहा तर एकशे दहा, वाचले ना? तर मुद्दा आता सांगतो.

मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ आलं तेव्हा तू पुण्यात होतास. इथे रस्त्यावर झाडं आणि उडालेले पत्रे, आणि त्या पत्र्यांचे खिळे जिथे तिथे. वीज कित्येक दिवस नव्हती. त्यात करोनाचे दिवस. तुझ्या काकूची औषधं आणायला निघालो आणि तिठ्याच्या अलीकडे चाक बसलं. ह्याने दुकानाचं अर्धं छप्पर गेलेलं असताना, कॉम्प्रेसर बंद म्हणून हातपंपाने हवा भरून, पंक्चर काढून दिलं. पैसे मागाहून द्या म्हणाला. तो तिथे होता, कारण त्याचं दुकान तिथे होतं. आणि दुकान चालतं ते टायर विकून. नुसत्या पंक्चरच्या पैशांत भाडं, वीजबिल आणि पोरांची शाळा होत नाही. ते दोनशे साठ रुपये तू लूट म्हणालास. मी त्यांना तिठ्यावर माणूस बसून राहण्याचा खर्च म्हणतो.

टायर बाहेरून आणायचा आणि आडरानात चाक बसलं की त्याला हाक मारायची, हे दोन्ही फार दिवस चालणार नाही. त्याचा मुलगा म्हणतो, दुकान बंद करू आणि तारकर्लीला पर्यटकांना स्कूटर भाड्याने देऊ. द्या बापडे. पण त्या स्कूटरची पंक्चर कोण काढणार?

गावातला दुकानदार म्हणजे देवमाणूस, असं मी म्हणत नाही. त्यालाही मी सुनावलं. २२ सप्टेंबर २०२५ पासून नव्या टायरवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला. मग तुझा भाव किती उतरला, ते फळ्यावर लिही. कच्च्या चिठ्ठीऐवजी पक्की पावती दे, टायर सदोष निघाला तर गिऱ्हाइकाने दाद कशाच्या आधारावर मागायची? बनावटीची तारीख विचारण्याआधी तूच दाखव. मोबाईलमुळे लोकांना भाव कळतो हे चांगलंच आहे, त्यावर चिडू नको. तो मान खाली घालून ऐकत होता, अगदी वर्गात ऐकायचा तसा.

आणि पुतण्या, तुझ्या मोठ्या गाडीचा तो रुंद टायर इथे कोणी ठेवत नाही. तो तू खुशाल मागव. पुण्यात दारात येऊन टायर बसवून देणारेही मिळतात. तुझा हिशेब तुझ्या गावात बरोबर असेल. फक्त तो माझ्या तिठ्यावर आणून मला शहाणा करू नको.

माझा पुढचा टायरही आता झिजत आला आहे. तो तिठ्यावरच घेणार आहे. आधी चार आकडे वाचणार आणि पक्की पावती मागणार. पुढच्या खेपेला आलास की तूही चल माझ्याबरोबर. त्या बाकावर दोघांना बसायला जागा आहे.