कोको, कोयता आणि कागद

युरोपच्या उत्तरेला एस्टोनिया नावाचा एक चिमुकला देश आहे. लोकसंख्या तेरा-चौदा लाख. २०११च्या जनगणनेत नोंदलेल्या आपल्या बीड जिल्ह्याच्या जेमतेम निम्मी. समजा, तिथल्या एका चॉकलेटवाल्याने घानातून कोकोच्या बियांची पन्नास पोती मागवली. आजवर भाव, वजन आणि बियांतला ओलावा पाहिला की त्याचे भागत असे. युरोपीय संघाचा २०२३चा कायदा लागू झाला की बी कोणत्या शेतात पिकली, त्या शेताचे अक्षांश-रेखांश काय, ३१ डिसेंबर २०२०नंतर तिथले जंगल तोडले गेले का, आणि त्या देशाचे जमिनीचे व मजुरीचे कायदे पाळले गेले का, हे सारे त्याला पाहावे लागेल. चुकला तर माल जप्त, शिवाय दंड. हा कायदा दोनदा पुढे ढकलला गेला. २०२५अखेरच्या दुरुस्तीत मोठ्या व्यापाऱ्यांसाठी ३० डिसेंबर २०२६ आणि अगदी लहानांसाठी ३० जून २०२७ अशी मुदत ठरली.

आता कोणी म्हणेल, एस्टोनियाच्या चॉकलेटचे आणि पाटोदा-धारूरचे नाते काय? नाते साखरेचे आहे. चॉकलेटमध्ये कोकोबरोबर साखर असतेच. पण त्याहून जवळचे नाते आहे ते एका प्रश्नाचे: माल ज्याच्या हातून निघाला, त्या माणसाची जबाबदारी कोणाची?

कोकोच्या धंद्याने या प्रश्नाचे उत्तर बरीच वर्षे टाळले. आयव्हरी कोस्ट आणि घाना हे दोन देश मिळून जगातला निम्म्याहून अधिक कोको पिकवतात. तिथल्या बागांतली बालमजुरी थांबवण्याचे वचन चॉकलेट कंपन्यांनी २००१मध्ये अमेरिकेत लेखी दिले. मुदत होती २००५ची. ती हुकली, पुन्हा वाढली, पुन्हा हुकली. २०२०मध्ये शिकागो विद्यापीठाशी संलग्न संस्थेचा अहवाल आला, तेव्हा या दोन देशांत कोकोच्या कामावर असलेल्या बालमजुरांची संख्या सुमारे १५ लाख ६० हजार निघाली. स्वखुशीच्या वचनाची किंमत एवढीच असते. म्हणून कायद्याची भाषा आली.

आता आपल्या घरात डोकावू. नोकरीत असताना मी बीड जिल्ह्यातल्या शाखांत काही वर्षे काढली. दिवाळी सरली की शाखेतली गर्दी ओसरायची. गावेच्या गावे कोल्हापूर, सांगली, सोलापूर, नाहीतर थेट कर्नाटकात ऊस तोडायला निघून जायची. नवरा-बायको मिळून एक कोयता. त्या कोयत्याला मुकादमाकडून आगाऊ रक्कम मिळते, तिला उचल म्हणतात. मुकादमाला पैसे कारखान्याकडून येतात आणि कारखाना तोडणी-वाहतुकीसाठी बँकेचे कर्ज काढतो. म्हणजे पैसा बँकेतून निघतो तेव्हा त्याला सही असते, शिक्का असतो, तारण असते. शेवटच्या पायरीवर तो मुकादमाच्या वहीत उतरतो आणि तिथे बायकोचे नावसुद्धा नसते. काम दोघांचे, हिशेब एकाचा. फिटली नाही तर उचल पुढच्या हंगामावर चढते.

एक दिवस काम चुकले तर खाडा, आणि खाड्याचे पैसे कापले जातात. पाळीच्या दिवसांत ना आडोसा, ना पाणी, ना सुट्टी. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारने २०१९मध्ये समिती नेमली. तेव्हाच्या पाहणीत बीडमधल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली आढळली. सहा बायांत एक. २०२४मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'ने हीच गोष्ट शीतपेयांच्या बड्या कंपन्यांच्या साखरेपर्यंत नेऊन भिडवली, तेव्हा कुठे साऱ्या जगात चर्चा झाली.

युरोपात जाणाऱ्या भारतीय साखरेचा कोटा काही हजार टनांचा आहे, तेव्हा घाबरायचे कशाला, असे कारखानदार म्हणू शकतील. पण सक्तीच्या श्रमातून निघालेला माल बाजारात येऊ न देण्याचा कायदा युरोपीय संघाने २०२४मध्ये केला आहे आणि तो डिसेंबर २०२७पासून लागू व्हायचा आहे. कर्जात अडकवून करून घेतलेले काम हाही सक्तीच्या श्रमाचाच प्रकार मानला जातो. आणि हे सांगायला युरोप कशाला हवा? वेठबिगारी बंद करणारा आपला स्वतःचा कायदा १९७६चा आहे.

मला धास्ती आहे ती वेगळीच. तपासणी आली की कागद तयार होतात. बँकेत उभा जन्म काढल्याने कागद किती झटपट तयार होतात हे मला चांगले ठाऊक आहे. फाइल पूर्ण होते आणि माणूस होता तिथेच राहतो. उलट, ज्याच्याकडे सातबारा नाही त्याला बँक दारातून परत पाठवते आणि तो सावकाराकडे जातो. कोकोच्या लहान शेतकऱ्याबाबत आज हीच भीती आहे. शेताची नोंद नसली तर मोठा व्यापारी त्याला सोडून देईल. आपल्याकडेही अडचण नको म्हणून कारखाने यंत्राने तोडणी करतील आणि कोयता वाऱ्यावर सोडतील.

म्हणून बाहेरचा खरेदीदार विचारण्याआधी आपणच नोंद करावी. जानेवारी २०२४मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ झाली, ते चांगलेच झाले. पण वाढीव दर बाईच्या हाती पडतो का, हे कोणत्या वहीत पाहायचे? गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ आहे. कामगार नवरा आणि कामगार बायको अशा दोन वेगळ्या नोंदी तिथे व्हाव्यात. उचल आणि मजुरी दोघांच्या वेगवेगळ्या खात्यांत जमा व्हावी. आजारपणाचा खाडा कापू नये. आणि तोडणी-वाहतुकीचे कर्ज देताना बँकेने कारखान्याकडे मजुरांची ही यादी मागावी. शेतकऱ्याकडून सातबारा मागणाऱ्या बँकेला हे मागणे जड जाऊ नये.