व्याख्या पाठ, विशेषण सपाट

आपल्या शाळांत इंग्रजी विशेषण शिकवत नाहीत, त्याची व्याख्या शिकवतात. ‘नामाबद्दल अधिक माहिती सांगणारा शब्द’ हे एक वाक्य, मग प्रकार, मग डिग्री बदलण्याचे व्यायाम. जळगावात मेहरूण भागात मी इंग्रजीची शिकवणी घेतो. ‘मुंबई इज द बिगेस्ट सिटी इन महाराष्ट्र’ याचं ‘नो अदर सिटी इन महाराष्ट्र इज अ‍ॅज बिग अ‍ॅज मुंबई’ असं झटक्यात करणारी मुलं माझ्याकडे येतात. त्याच मुलांना कंटाळा आला की ती सांगतात, ‘आय अ‍ॅम बोअरिंग’. म्हणजे, मी कंटाळवाणा आहे! वर्गात कुणीतरी फिदीफिदी हसतं आणि ते पोर पुढे कित्येक दिवस इंग्रजीत तोंड उघडत नाही. मार्क मिळाले, भाषा गेली.

यात मुलाचा दोष नाही. मराठीत कंटाळा ‘येतो’, भूक ‘लागते’, थंडी ‘वाजते’, उशीर ‘होतो’. ही सगळी नामं आहेत आणि ती आपल्याकडे चालत येतात. तावडीत ‘मले भूक लागली’ म्हणा, अहिराणीत ‘माले भूक लागनी’ म्हणा, रचना तीच. इंग्रजीत मात्र माणूस स्वतःच तसा होतो : आय अ‍ॅम हंग्री, कोल्ड, लेट. आपल्या नामाच्या जागी तिथे विशेषण आहे, आणि तेही नामाआधी नव्हे, ‘अ‍ॅम’नंतर. आपलं क्रियापदसुद्धा तिकडे विशेषण होतं. ‘मी दमले’ म्हणजे ‘आय अ‍ॅम टायर्ड’. ‘भुकेला’ हा शब्द मराठीत आहे, पण ताटावर बसताना ‘आई, मी भुकेला आहे’ असं कोण म्हणतं?

‘बोअरिंग’ आणि ‘बोअर्ड’ची गफलतही इथूनच होते. कंटाळा आणणारं ते बोअरिंग, ज्याला कंटाळा आला तो बोअर्ड. पहिल्याला मराठीत ‘कंटाळवाणा’ हे रोजचं विशेषण आहे. दुसऱ्यासाठी आपण विशेषण वापरतच नाही, ‘मला कंटाळा आला’ म्हणतो. पाठ केलेली व्याख्या हा फरक दाखवत नाही. मुलं आता ‘मला बोअर होतंय’ म्हणतात ते पाहा. शब्द इंग्रजी, पण ‘मला’ जागचा हललेला नाही. ही आपल्या भाषेची ताकद आहे, आणि शिकवणाऱ्याने नेमकी इथूनच सुरुवात करायला हवी.

यावर ठरलेलं उत्तर येतं : इंग्रजी इंग्रजीतूनच शिकवा, मराठी मध्ये आणली की भाषांतराची खोड लागते. अहो, भाषांतर चालूच आहे! फक्त ते मुलाच्या डोक्यात, चोरून आणि कुणाच्या मदतीशिवाय चालू आहे. ‘आय अ‍ॅम बोअरिंग’ हा त्याचाच पुरावा. ते उजेडात आणा, फळ्यावर आणा.

शिवाय ही सोवळ्याची भाषा आपल्याला शोभत नाही. यास्काच्या निरुक्तात शब्दांच्या जाती चारच : नाम, आख्यात, उपसर्ग, निपात. विशेषणाला वेगळं घर नव्हतं, ते नामातच नांदत होतं. दादोबा पांडुरंग यांचं मराठी व्याकरण 1836 साली आलं आणि त्या शतकात शालेय मराठी व्याकरण इंग्रजीच्या वळणावर गेलं. मराठी समजून घ्यायला इंग्रजीचा आधार चालला. मग इंग्रजी समजून घ्यायला मराठीचा का चालू नये?

माझी मागणी छोटी आहे. व्याख्येआधी फळ्यावर दोन रकाने काढा. एकात मुलांच्या घरातली वाक्यं लिहा : भूक लागली, दमलो, राग आला, भीती वाटते, उशीर झाला. दुसऱ्यात त्यांची इंग्रजी रूपं लिहा आणि विशेषण कुठे बसलं ते मुलांनाच शोधू द्या. याला ना नवं पुस्तक लागतं, ना स्मार्ट बोर्ड. मुलाची बोली ही अडचण नसून हाताशी असलेलं साधन आहे, एवढं शिक्षकाने मानलं तरी पुरे.