विश्लेषण : पेनी स्टॉक घेताय? भावाआधी शेअरची संख्या आणि प्रवर्तकांची विक्री तपासा

पाच-सात रुपयांचा शेअर ‘स्वस्त’ वाटतो. मात्र भाव कमी म्हणजे शेअर स्वस्त, असे नसते. कंपनीचे एकूण शेअर किती, ते वाढताहेत का आणि प्रवर्तकच विकून बाहेर पडताहेत का, हे पाहिल्याशिवाय अंदाज येत नाही.

शेअर डायल्युशन म्हणजे काय?

कंपनीने नवे शेअर दिले की जुन्या भागधारकाचा टक्का घटतो. डिमॅट खात्यातील शेअर तेवढेच दिसतात, पण नफ्यात वाटेकरी वाढतात.

ताजे उदाहरण व्होडाफोन आयडियाचे. मार्च २०२५ मध्ये केंद्र सरकारने ३६,९५० कोटी रुपयांच्या स्पेक्ट्रम थकबाकीच्या बदल्यात १० रुपये दराने ३,६९५ कोटी शेअर घेण्याचे ठरवले. सरकारचा वाटा २२.६ टक्क्यांवरून ४८.९९ टक्क्यांवर गेला. एकूण शेअर सुमारे ७,१३९ कोटींवरून १०,८३४ कोटींवर पोहोचले. म्हणजे इतरांचा टक्का सुमारे एक तृतीयांशाने घटला.

ते नेहमीच वाईट का?

नाही. इथे देणे कमी झाले आणि बाजारभाव १० रुपयांखाली असताना सरकारने १० रुपये मोजले. त्यामुळे घोषणेनंतर शेअर वधारला. नवे शेअर कोणाला, कोणत्या भावाने आणि कशासाठी दिले, हे महत्त्वाचे.

वॉरंटवरही लक्ष हवे. त्यात २५ टक्के रक्कम आधी भरून उरलेली १८ महिन्यांत देता येते. शेअर तेव्हा वाढतात.

प्रवर्तकांची विक्री बेकायदा असते का?

तीही नेहमी नसते. घर, कर्ज, कर अशी कारणे असू शकतात. गोपनीय माहितीच्या आधारे व्यवहार करणे मात्र गुन्हा आहे. धोका कुठे असतो, हे साधना ब्रॉडकास्ट प्रकरणात दिसले. सेबीच्या मार्च २०२३ च्या अंतरिम आदेशानुसार, जुलै २०२२ मध्ये यूट्यूबवर दिशाभूल करणारे व्हिडिओ आले, भाव चढला आणि काही प्रवर्तकांनी चढ्या भावात शेअर विकले. छोटे भागधारक २,१६७ वरून ५५,३४३ झाले.

काय तपासाल?

● भागधारणेचा तक्ता : तिमाही संपल्यावर २१ दिवसांत शेअर बाजाराच्या संकेतस्थळावर येतो. चार तिमाह्यांचे आकडे शेजारी ठेवा. प्रवर्तकांचा वाटा आणि तारण शेअर पाहा.

● इनसायडर व्यवहार : तिमाहीत १० लाखांपेक्षा जास्त व्यवहार झाल्यास दोन दिवसांत कंपनीला कळवावे लागते. कंपनी पुढच्या दोन दिवसांत बाजाराला कळवते.

● लॉक-इन : प्राधान्य वाटपातील बिगर-प्रवर्तकांचे शेअर साधारण सहा महिन्यांनी मोकळे होतात. त्या तारखेनंतर विक्रीचा दबाव येऊ शकतो.

● प्रति शेअर नफा : नफा वाढूनही हा आकडा घटत असेल, तर डायल्युशन तुमच्या खिशातून चालले आहे.

विक्रीची बातमी कळेपर्यंत पेनी स्टॉकला लोअर सर्किट लागलेले असू शकते. मग विकायचे ठरवले तरी खरेदीदार मिळत नाही. म्हणून ही तपासणी खरेदीआधीच करायला हवी.