आधी बैठक, मग बार

आपल्या होस्टेलात रात्रीच्या जेवणानंतर ज्या गप्पा रंगतात, त्यात क्रिकेट, बॅकलॉग आणि प्लेसमेंट यांच्या खालोखाल नंबर लागतो तो शिकारीचा. पाटणचा एक, शिराळ्याचा एक आणि जतकडचा एक असे तिघे जमले की विषय निघालाच म्हणून समजा. कुणाचा चुलता असतो, कुणाचा मामा. बॅटरीच्या झोतात डुकराचे डोळे चमकतात, मामा उभ्या-उभ्या बार काढतात आणि डुक्कर जाग्यावर आडवं! गंमत अशी की या सगळ्या गोष्टींत मामा उभेच असतात. कुणाचाही मामा कधी खाली बसत नाही.

इथेच माझा आक्षेप आहे. रायफल चालवण्याच्या मुख्य बैठका चार: पालथं पडून, बसून, एका गुडघ्यावर आणि उभं राहून. यात उभं राहणं सगळ्यात डळमळीत. ज्याला नेमबाजी कळते तो उभ्याने बार काढतो तो नाइलाज म्हणून, मर्दुमकी म्हणून नव्हे.

मेकॅनिक्सच्या सरांची आधी माफी मागतो, पण हा हिशोब फर्स्ट इयरचा आहे. रायफल साधारण एक मीटर लांब धरा. दस्ता खांद्यात घट्ट आहे आणि नळीचं तोंड फक्त १ मिलिमीटर बाजूला हललं. समरूप त्रिकोण मांडा. १०० मीटरवर गोळी १० सेंटिमीटर बाजूला जाते. डुकराच्या किंवा सांबराच्या अंगावर ज्या जागी गोळी लागली तर जनावर तडफडत न राहता जाईल, ती छातीतली जागा जेमतेम जेवणाच्या ताटलीएवढी, म्हणजे मध्यापासून सुमारे १० सेंटिमीटर. थोडक्यात, एका मिलिमीटरच्या थरथरीत ताटली संपली. पुढे पोट आहे, पाय आहे, आणि जखमी होऊन उसात घुसलेलं जनावर आहे.

मग ही थरथर कमी कशी करायची? हातात ताकद आणून नाही. स्नायू थकतो, कापतो. हाड थकत नाही. म्हणून रायफलचं वजन हाडांवरून जमिनीत उतरवायचं, हे बैठकीचं सगळं गणित. पालथं पडलं की दोन्ही कोपरं आणि अख्खं अंग जमिनीला टेकतं, गुरुत्वमध्य जवळपास मातीतच. बसल्यावर टाचा जमिनीत रोवायच्या आणि कोपरं गुडघ्यांच्या आतल्या बाजूला टेकवायची. गुडघ्यावर बसल्यावर डावं कोपर गुडघ्याच्या वाटीवर ठेवायचं नाही, कारण हाडावर हाड घसरतं. ते वाटीच्या थोडं पुढे किंवा मागे मांसल भागावर टेकवायचं. उभं राहायचीच वेळ आली तर झाडाचा आधार घ्यावा. पण झाडाला हात टेकवायचा आणि हातावर रायफल. नळी खोडाला लावली की बार भलतीकडे जातो.

कोणती बैठक घ्यायची हे मात्र जमीन ठरवते. आपल्या दोन जिल्ह्यांत तर सगळे नमुने आहेत. माण, खटाव, जतच्या उघड्या माळावर पालथं पडायला जागाच जागा, पण पावसाळा सरला की कुसळ एवढं वाढतं की पडल्यावर गवतापलीकडचं दिसत नाही. तिथं बसावं लागतं. पाटण-जावळीच्या उतारावर खाली बघत पालथं पडणं अवघड, तिथंही बसणंच सोयीचं. दाट रानात झुडपाच्या वर डोकं काढायला गुडघा बरा.

आणि एक गोष्ट गप्पांमध्ये कधीच येत नाही. चुकलेली गोळी कुठे जाते? आपल्या एनसीसीच्या पॉइंट टू-टू रायफलची चिमुकली गोळीसुद्धा दीड किलोमीटरपर्यंत जाऊ शकते. मचाणावरून खाली मारलेला बार चुकला तरी मातीत जातो. सपाट रानात, रात्री, उभ्याने आडवा मारलेला बार उसाच्या पलीकडच्या वस्तीकडे जातो. मागे बांध किंवा टेकाड आहे का, हे बघणं म्हणजेसुद्धा बैठक निवडणंच आहे. आणि पहाटे त्याच उसात कोयता घेऊन तोडकरी उतरणार असतात, हेही मामांना माहीत असतं. जखमी डुक्कर तिथेच कुठेतरी बसलेलं असतं.

कुणी म्हणेल, तुला काय कळतंय, डुकरं रात्रीत भुईमूग आणि मका उकरून टाकतात तेव्हा शेतकऱ्याने काय करायचं? प्रश्न खरा आहे आणि मी तो उडवून लावत नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद झाली, पण पिकांची नासाडी करणारं रानडुक्कर मारायला लेखी परवानगी देण्याची तरतूद त्याच कायद्यात आहे. २०१० पासून कोयना आणि चांदोलीचं जंगल सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आहे; आजूबाजूच्या गावांना जनावरांचा त्रास होतो आणि तो वनखात्याने गांभीर्याने घ्यायलाच हवा. पण परवानगी मिळाली म्हणून नेम येत नाही. नॉर्वेमध्ये मोठ्या जनावराच्या शिकारीला जायचं तर दरवर्षी परीक्षा द्यावी लागते: १०० मीटरवर ५ गोळ्या, पाचही ३० सेंटिमीटरच्या वर्तुळात. एक बाहेर गेली की नापास. आपल्याकडे ज्याला परवानगी द्यायची त्याला आधी कागदाच्या टार्गेटवर पाच गोळ्या मारायला लावा, असं माझं स्पष्ट मत आहे. किती मामा पास होतील, हा विषय वेगळा!

आता आपल्याबद्दल. एनसीसीत वर्षातून मोजक्या गोळ्या मिळतात, त्याही फक्त पालथं पडून. गुडघा आणि उभं राहणं यांचा आपल्याला गंधही नाही. आणि नेमकं तिथेच आपल्या शेजारच्या जिल्ह्याने काय करून दाखवलं पाहा. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसला ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक घेतलं. कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ ला हेलसिंकीत कुस्तीचं कांस्य आणलं, त्यानंतर महाराष्ट्राला वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळायला ७२ वर्षं लागली. या प्रकारात दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं, म्हणजे शर्टाच्या बटणाएवढं, आणि ते ५० मीटरवर. फायनलमध्ये स्वप्नील गुडघ्यावरच्या फेरीनंतर सहावा होता, पालथ्यानंतर पाचवा. पदकापर्यंत तो पोचला उभ्याच्या फेरीत, सगळ्यात डळमळीत बैठकीत! म्हणजे उभ्याने मारता येतं, पण त्यासाठी वर्षानुवर्षं रोज तासन्‌तास घालवावे लागतात. बॅटरीच्या उजेडात ते येत नाही.

यातला बराच सराव गोळी न झाडता होतो, हे फार थोड्यांना माहीत असतं. रायफल रिकामी आहे याची दोनदा खात्री करायची, बैठक घ्यायची, नेम धरायचा आणि डोळे मिटायचे. दोन श्वास घ्यायचे, डोळे उघडायचे. नेम सरकला असेल तर हाताने ओढून जागेवर आणायचा नाही. अख्खं अंग फिरवायचं, परत डोळे मिटायचे. नळीवर नाणं ठेवून चाप ओढायचा, नाणं पडलं की परत पहिल्यापासून. अतिशय कंटाळवाणा प्रकार आहे. पण सर्व्हेच्या प्रॅक्टिकलला थिओडोलाइट लेव्हल करण्यापेक्षा बरा.

एअर रायफलच्या रेंजला लागतं १० मीटर अंतर, त्यामागे भक्कम भिंत, आणि समोर कुणी जाऊ नये म्हणून एकच दार. आपल्या जिमखान्याचा मागचा हॉल मी पावलांनी मोजला आहे. टेबल-टेनिसची टेबलं सरकवली तर तीन लेन सहज बसतात. रायफली कुलपात, किल्ली एनसीसीच्या सरांकडे, पहिला महिनाभर छऱ्याला हात नाही, फक्त बैठका. जिमखान्याच्या पुढच्या मीटिंगला हा विषय मांडतो आहे. सह्यांचा कागद मेसच्या दाराशी लावलाय, मामावाल्या तिघांनी सगळ्यात आधी सही करावी.