एकाच माइकभोवती

मित्रांनो, एखादं गाणं आधी तुम्हाला सापडतं आणि आठवडाभरात सगळा वर्ग तेच गुणगुणायला लागतो, असं झालंय ना कधी? अशा वेळी दोन तऱ्हेची मुलं दिसतात. एक म्हणतो, ‘‘अरे वा, तुलाही आवडलं? मग हे दुसरंही ऐक!’’ दुसरा गाल फुगवून म्हणतो, ‘‘ते गाणं माझं आहे. तू कशाला म्हणतोस?’’

आज आपण ज्या संगीताची ओळख करून घेणार आहोत, त्याच्या इतिहासात ही दोन्ही मुलं भेटतात. फक्त ती वयानं मोठी आहेत आणि नावाजलेले कलावंत आहेत! या संगीताचं नाव ब्लूग्रास.

ब्लूग्रास म्हणजे शब्दशः निळं गवत. अमेरिकेतल्या केंटकी राज्याला तिथल्या कुरणांवरून ‘ब्लूग्रास स्टेट’ म्हणतात. या राज्यातल्या आणि आसपासच्या डोंगराळ भागातल्या खेड्यांमध्ये स्कॉटलंड-आयर्लंडहून आलेल्या लोकांच्या चाली, कृष्णवर्णीयांचं ब्लूज आणि चर्चमधली भजनं एकत्र नांदत होती. त्यातूनच हे संगीत उभं राहिलं.

यातली वाद्यं बघा. गिटार, व्हायोलिन (तिकडे त्याला फिडल म्हणतात), माणसापेक्षाही उंच असा डबल बास, मँडोलिन आणि बँजो. मँडोलिन तुम्ही ‘दिलवाले दुल्हनिया ले जाएंगे’मध्ये शाहरुखच्या हातात पाहिलं असेल. बँजो मात्र आपल्या मिरवणुकीतला नव्हे हं! आपल्या बँजोला बटणं असतात. हा बँजो म्हणजे डफासारखं ताणलेलं गोल कातडं, लांब मान आणि पाच तारा. त्यातली पाचवी तार आखूड असते. सतारीच्या चिकारीसारखी ती एकाच सुरात मध्ये मध्ये वाजत राहते. गुलाम म्हणून अमेरिकेत नेलेल्या आफ्रिकन लोकांनी आपल्या मायदेशातल्या वाद्यांच्या आठवणीवर हे वाद्य घडवलं.

आता गंमत ऐका. या मेळ्यात ढोलक नाही, ड्रमही नाही. मग ठेका कोण धरतं? चार मात्रांतल्या पहिल्या आणि तिसऱ्या मात्रेला बास ‘धूम’ म्हणतो. दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेला मँडोलिनवाला तारा छेडून लगेच दाबतो. ‘धूम-चक, धूम-चक’ झाला ठेका तयार!

पूर्वी हे सगळे कलावंत एकाच माइकभोवती उभे राहायचे. ज्याची पाळी असेल, तो एक पाऊल पुढे येणार, आपली करामत दाखवणार आणि लगेच मागे सरकणार. मागे गेल्यावर स्वस्थ बसायचं नाही, तर पुढच्याला साथ करायची. आजही कित्येक मेळे असेच वाजवतात.

या संगीताचे जनक म्हणजे बिल मन्रो. त्यांचा जन्म १९११ साली केंटकीतल्या रोझीन या खेड्यात झाला. आठ भावंडांत बिल सगळ्यात धाकटा. त्याची नजरही अधू होती. घरी वाद्यं वाटून घ्यायची वेळ आली, तेव्हा मोठ्या भावांनी फिडल आणि गिटार पटकावली. धाकट्याच्या वाट्याला उरलंसुरलं मँडोलिन आलं. त्याच्या आठ तारा म्हणजे चार जोड्या. भावांनी बजावलं, ‘‘फार आवाज नको, चारच तारा ठेव!’’ धाकट्या भावंडांनो, तुम्हाला हे नवीन नसेल.

दहाव्या वर्षी बिलची आई गेली आणि सोळाव्या वर्षी वडील. मग तो आपल्या पेन मामाकडे राहू लागला. मामा फिडल वाजवायचा. गावोगावच्या नाचाला मामा फिडलवर आणि भाचा साथीला. अरनॉल्ड शुल्ट्झ नावाच्या कृष्णवर्णीय गिटारवादकाबरोबरही बिलनं साथ केली आणि त्याच्याकडून ब्लूज कानात साठवून घेतलं. म्हणजे पाहा, जनक म्हणवणाऱ्यालाही सगळं इतरांकडूनच मिळालं होतं! १९७२ साली मन्रोंनी मामाच्या चालींचा एक अख्खा अल्बम काढला, ‘बिल मन्रोज अंकल पेन’. भाच्यानं फेडलेलं ऋणच म्हणा ना.

१९३९ साली नॅशव्हिल रेडिओच्या ‘ग्रँड ओल ऑप्री’ या लोकप्रिय कार्यक्रमात मन्रोंचा ‘ब्लू ग्रास बॉइज’ हा मेळा दाखल झाला. आपल्या राज्यावरून त्यांनी ठेवलेलं हे नाव पुढे सगळ्या संगीताचंच झालं.

१९४५च्या डिसेंबरमध्ये त्या मेळ्यात आला एकवीस वर्षांचा अर्ल स्क्रग्ज. नॉर्थ कॅरोलायनातला हा मुलगा आधी सूतगिरणीत काम करायचा. दहा वर्षांचा असताना त्याचं भावाशी भांडण झालं. रुसून तो खोलीत एकटाच बँजो वाजवत बसला होता. वाजवता वाजवता त्याच्या लक्षात आलं, अरे, आपली तीन बोटं आपोआप फिरताहेत! अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट पाठोपाठ फिरू लागली की सूर धबधब्यासारखे कोसळतात. तीन बोटांनी वाजवणारे त्याच्या भागात आधीही होते, पण अर्लइतकं सफाईदार कुणी वाजवलं नव्हतं. रेडिओवर ते ऐकून लोक खुळावले.

१९४८ साली अर्ल स्क्रग्ज आणि गायक लेस्टर फ्लॅट मन्रोंचा मेळा सोडून गेले आणि त्यांनी आपला वेगळा मेळा काढला. मन्रो इतके दुखावले, की वीसहून जास्त वर्षं त्यांनी या दोघांशी अबोला धरला. त्याच सुमारास व्हर्जिनियातल्या स्टॅनली बंधूंनी मन्रोंच्याच ढंगात गायला सुरुवात केली. मन्रो रेडिओवर गात असलेलं एक गाणं तर त्यांनी मन्रोंच्या आधीच बाजारात आणलं! मन्रोंच्या कंपनीनं या भावांना करारबद्ध केलं, तेव्हा मन्रोंनी ती कंपनीच सोडून दिली.

तुम्हीच सांगा, मन्रोंचं चुकलं का? घाईनं ‘हो’ म्हणू नका. ज्यानं रक्ताचं पाणी करून एक ढंग घडवला, त्याला तो दुसऱ्याच्या गळ्यातून ऐकताना वाईट वाटणारच. पण दुसरीकडे पाहा. तो ढंग एकट्या मन्रोंपाशीच राहिला असता, तर त्याला ‘मन्रोंची गाणी’ म्हटलं असतं. इतरांनी तो उचलला म्हणून तर ‘ब्लूग्रास’ नावाचं संगीत झालं!

हळूहळू मन्रोंनाही हे उमगत गेलं असावं. १९५१ साली स्टॅनली बंधूंपैकी कार्टर काही काळ त्यांच्याच मेळ्यात गाऊ लागले. १९५४ साली एल्व्हिस प्रेस्ली नावाच्या एका नवख्या पोरानं मन्रोंचं ‘ब्लू मून ऑफ केंटकी’ हे संथ, तीन मात्रांचं गाणं चार मात्रांत धडाक्यात गायलं. मन्रोंनी काय करावं? त्याच वर्षी त्यांनी आपलं गाणं पुन्हा रेकॉर्ड केलं, सुरुवात जुन्या संथ चालीत आणि मग एकदम एल्व्हिससारखी दौड!

आणि १९६० साली केंटकीतल्या एका लहानशा गावात मन्रोंचा कार्यक्रम चालू होता. सहा वर्षांच्या रिकी स्कॅग्जला गाऊ द्या, असा लोकांनी आग्रह धरला. मन्रोंनी आपलं मँडोलिन त्या चिमुरड्याच्या गळ्यात अडकवलं आणि म्हणाले, वाजव! ज्या पोराला एकेकाळी चारच तारा मिळाल्या होत्या, त्यानं दुसऱ्या पोराला आठही दिल्या.

हाच रिकी १९७५ साली ‘जे. डी. क्रो अँड द न्यू साउथ’ या अल्बममध्ये वाजवताना आणि गाताना भेटतो. या अल्बमचा क्रमांक ००४४. ब्लूग्रासचे शौकीन त्याचं नावसुद्धा घेत नाहीत. नुसतं ‘००४४’ म्हटलं, की समोरच्याचे डोळे चमकतात!

१९७१च्या उन्हाळ्यात इंडियानातल्या बीन ब्लॉसम गावी मन्रोंच्या महोत्सवात लेस्टर फ्लॅट आले आणि दोघांनी हात मिळवले. अबोला संपला. त्याच ऑगस्टमध्ये ‘निटी ग्रिटी डर्ट बँड’ या लांब केसांच्या तरुण मंडळींनी नॅशव्हिलला येऊन बुजुर्गांना गळ घातली, ‘‘आमच्याबरोबर वाजवाल?’’ मन्रोंनी नकार दिला, पण स्क्रग्ज आले, मेबेल कार्टर आल्या, डॉक वॉटसन आणि मर्ल ट्रॅव्हिस आले. १९७२ साली तीन तबकड्यांचा अल्बम निघाला, ‘विल द सर्कल बी अनब्रोकन’. त्यात गाण्यांच्या अधेमधे कलावंतांच्या गप्पाही तशाच ठेवल्या आहेत. डॉक वॉटसन लहानपणापासून अंध. मर्ल यांची गिटार ऐकत ते मोठे झाले, मुलाचं नावही त्यांनी मर्ल ठेवलं. पण दोघांची प्रत्यक्ष भेट झाली ती या रेकॉर्डिंगच्या वेळी, आणि टेप चालू होती! आपल्या आवडत्या कलावंताला भेटल्यावर माणूस कसा बोलतो, ते त्यात ऐका.

त्या काळी बँजो शिकणारी मुलं काय करायची, ठाऊक आहे? मिनिटाला ३३ फेरे घेणारी स्क्रग्जची तबकडी ती १६ फेऱ्यांच्या वेगावर लावायची. वेग निम्मा, सूर बरोबर एक सप्तक खाली, आणि बोटं कशी फिरताहेत ते स्पष्ट कळायचं. पुन्हा पुन्हा ऐकून ऐकून तबकड्या झिजायच्या. आज मोबाइलवर वेग कमी करता येतो, आणि सूरही खाली जात नाही. ‘फॉगी माउंटन बँजो’ हा १९६१चा अल्बम असा ऐकून पाहाच.

न्यूयॉर्कच्या बेला फ्लेक या मुलानं टीव्हीवरच्या एका मालिकेच्या शीर्षकगीतात स्क्रग्ज यांचा बँजो ऐकला. पंधराव्या वर्षी आजोबांनी त्याला बँजो आणून दिला. पुढे या फ्लेक यांनी आपल्या माहीमच्या उस्ताद झाकीर हुसेन यांचा तबला, राकेश चौरसिया यांची बासरी आणि एडगर मायर यांचा डबल बास यांच्यासोबत २०२३ साली ‘ॲज वी स्पीक’ हा अल्बम केला. २०२४ साली त्याला ग्रॅमी मिळालं. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये झाकीरभाई आपल्याला सोडून गेले. हे काही ब्लूग्रास नव्हे. पण कान देऊन ऐका, इथेही प्रत्येक जण पुढे येतो आणि मागे सरकून साथ करतो.

आता या रविवारचा उद्योग. घरातल्या प्रत्येकानं आपल्या आवडीचा एक अल्बम निवडायचा. आजीचा अभंगांचा असो, बाबांची जुनी कॅसेट असो, की ताईचं रॅप. पाळीपाळीनं लावायचा आणि तो का आवडतो, ते दोन वाक्यांत सांगायचं. बाकीच्यांनी मध्ये बोलायचं नाही, नाक तर अजिबात मुरडायचं नाही. आई-बाबांनो, हा नियम तुम्हालाही लागू बरं का! तुमच्या पाळीला ब्लूग्रास लावलंत, तर सुरुवात ‘००४४’नं करा.

कुणाचं कोणतं गाणं तुम्हाला नव्यानं आवडलं, ते आम्हाला जरूर कळवा. भेटू पुढच्या आठवड्यात!